एफएम ट्रान्समीटरचा सुटा संच: पखवाज हरवतो तेव्हा

छत्रपती संभाजीनगरच्या बाजारात एका ट्रान्झिस्टरवर चालणारा एफएम ट्रान्समीटरचा सुटा संच अडीचशे रुपयांच्या आत मिळतो. पीसीबी (भाग डागायची छापील पाटी) चांगली आहे, भागांची नावे स्पष्ट छापलेली आहेत आणि थोडाफार सोल्डरिंगचा सराव असलेला विद्यार्थी एका बैठकीत तो उभा करू शकतो. सोबतच्या पत्रकात मात्र आवाजाविषयी अक्षरही नाही, आणि या संचाची खरी परीक्षा तेथेच होते.

चाचणीसाठी भजनाचे ध्वनिमुद्रण सर्वांत सोयीचे, कारण त्यात उंच स्वरांच्या टोकाला टाळ आणि खालच्या स्वरांच्या टोकाला पखवाजाचा धुमा असतो. मोबाईलच्या हेडफोनची तार माइकच्या जागी थेट जोडली, तर रेडिओवर सर्वप्रथम आवाज फाटलेला ऐकू येतो. माइककडून येणारा संकेत काही मिलिव्होल्टचा असतो, तर मोबाईल त्याच्या कितीतरी पट देतो. त्यामुळे प्रसारणाची वारंवारिता (एफएममध्ये आवाज तिच्या हेलकाव्यातूनच जातो) ठरलेल्या ±75 किलोहर्ट्झच्या पलीकडे हेलकावते आणि रेडिओला ती झेपत नाही. संकेताच्या मार्गात 47 किलोओहमचा रेझिस्टर आणि त्याच्यापुढे ग्राउंडकडे (बॅटरीच्या ऋण टोकाच्या तारेकडे) 1 किलोओहमचा रेझिस्टर लावला की फाटणे थांबते. दहा रुपयांच्या आत येणारे हे दोन भाग विक्रेत्याने पिशवीत का घालू नयेत, हे समजत नाही.

यानंतर लक्षात येते की पखवाजाची थाप पुठ्ठ्यावर पडल्यासारखी वाजते. दोष संकेत ट्रान्झिस्टरकडे नेणाऱ्या जोडणीच्या कपॅसिटरचा आहे. संचात '104' छापलेला, म्हणजे 0.1 मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर दिलेला आहे; ट्रान्झिस्टरच्या बेसवर (संकेत घेणाऱ्या पायावर) 10 किलोओहमचे दोन रेझिस्टर असल्यामुळे त्याच्यासमोरचा रोध जेमतेम 5 ते 6 किलोओहम पडतो आणि सुमारे 270 हर्ट्झच्या खालचा आवाज घटत जातो. त्या जागी 1 मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर, त्याचे धन टोक बेसच्या बाजूस ठेवून, डागला की धुमा परत येतो.

टाळ मंद ऐकू येण्याचे कारण वेगळे आहे. आपल्याकडील रेडिओ 50 मायक्रोसेकंदांच्या ठरलेल्या मापाने उंच स्वर मुद्दाम दाबतो, कारण प्रसारण करणारे केंद्र ते आधीच उचलून पाठवते. हा संच तसे काहीच करत नाही. वरच्या 47 किलोओहमच्या रेझिस्टरला समांतर '102' चा, म्हणजे 1 नॅनोफॅरडचा कपॅसिटर लावल्यास 47 मायक्रोसेकंदांची, म्हणजे जवळपास तेवढीच, उचल मिळते, आणि टाळांचा किणकिणाट स्वच्छ होतो. संपूर्ण संचात मला सर्वाधिक आवडलेली ही सुधारणा आहे.

अडॅप्टरवर चालवल्यास भुणभुण येते. पुरवठ्यातील 100 हर्ट्झची लहर ट्रान्झिस्टरची अंतर्गत धारिता (कपॅसिटन्स) बदलते आणि त्याबरोबर वारंवारिताही, म्हणून रेडिओला ती आवाजच वाटते. 9 व्होल्टची बॅटरी आणि पुरवठ्यावर 100 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, एवढ्याने प्रश्न सुटतो.

मराठवाड्याच्या मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत स्टेशन सरकत राहते, याला मात्र स्वस्त इलाज नाही. कॉइलवर मेणाचे दोन थेंब सोडल्यास हादऱ्याने होणारा फरक थांबतो, उन्हाने होणारा नाही. ट्रिमर (स्टेशन जुळवायचा छोटा बदलता कपॅसिटर) फिरवण्यासाठी धातूचा स्क्रूड्रायव्हर वापरू नये. टोक चपटे केलेली बांबूची काडी पुरते, अन्यथा हात दूर नेताच सूर निसटतो.

अँटेनाच्या तारेची लांबी वाढवून शेजारच्या गल्लीपर्यंत पोहोचण्याचा मोह टाळावा: परवान्याशिवाय प्रसारण करता येत नाही, आणि खोलीभर ऐकू येण्यासाठी बोटभर तार पुरेशी आहे. शिकण्यासाठी संच जरूर घ्यावा, मात्र वरील पाच सुटे भाग त्याच काउंटरवर मागून घ्यावेत.