प्रयोगांच्या नोंदी: एक्सेल की ईलॅबएफटीडब्ल्यू?

दोन-तीन जणांच्या प्रयोगशाळेला एक्सेल पुरतं, पण त्याच्या खोड्या माहीत हव्यात. ‘सेप्ट२’सारखं जनुकाचं नाव ते परस्पर तारीख करून टाकतं; २०२० मध्ये अशा जनुकांची अधिकृत नावंच बदलावी लागली! म्हणून डेटा भरण्याआधीच तो स्तंभ ‘टेक्स्ट’ करा. नंतर केल्यास मूळ नाव परत येत नाही.

ईलॅबएफटीडब्ल्यू (eLabFTW) ही प्रयोगशाळेची इलेक्ट्रॉनिक नोंदवही; ती मोफत आणि मुक्तस्रोत आहे. कोणी, कधी, काय बदललं ते तिच्यात राहतं, नोंदीला कुलूप लावता येतं. मात्र डॉकर (सॉफ्टवेअर स्वतंत्र कप्प्यात चालवणारी प्रणाली) चालवणारा सर्व्हर आणि तो सांभाळणारा माणूस लागतो. बॅकअप घेताना मायएसक्यूएलबरोबर (नोंदी जिथे साठतात तो डेटाबेस) अपलोड फाइलींचा फोल्डरही घ्या; नाहीतर नोंदी शिल्लक राहतात, जोडलेली छायाचित्रं जातात. सांभाळणारा नसेल तर एक्सेलच बरं.