बाहेरचा रिव्हर्स सेन्सर आणि घरची दुरुस्ती : पावसाळा ते उन्हाळा वापरून

आधी निकाल सांगतो. मागच्या बंपरमधला एक मेलेला पार्किंग सेन्सर घरीच काढला आणि त्याच्या जागी कंपनीचा नसलेला, बाजारात मिळणारा जुळता सेन्सर बसवला. गणपतीच्या आधी बसवला होता, आता मे संपत आला तरी चालतोय. पैसे वसूल झाले का? झाले. कंपनीच्या सेन्सरइतका चांगला आहे का? नाही. पण खरे पैसे वाचले ते बदलण्याआधी केलेल्या तपासणीमुळे. सर्व्हिस सेंटरने "चारही सेन्सर बदला, बहुतेक मॉड्यूलही गेलंय" (मॉड्यूल म्हणजे सेन्सर चालवणारा इलेक्ट्रॉनिक डबा) असं सांगून जे एस्टिमेट हातात दिलं होतं, त्यातला एकच सेन्सर खरोखर खराब निघाला.

गाडी २०२० सालची छोटी एसयूव्ही. मागे चार सेन्सर आहेत, कॅमेरा नाही. राहायला चिपळूणच्या बाजूला, म्हणजे जून ते सप्टेंबर गाडी कधी वाळतच नाही आणि मागचा बंपर कायम लाल चिखलाने माखलेला. १ जुलै २०१९पासून भारतात बनणाऱ्या प्रवासी गाड्यांना मागचे सेन्सर सक्तीचे झाले. त्या पहिल्या लॉटच्या गाड्यांची वॉरंटी आता संपलीय आणि बंपरमागचे कपलर, म्हणजे वायर जोडणारे प्लग, पाच-सहा पावसाळे खाऊन बसलेत. त्यामुळे ही तक्रार आता घरोघरी ऐकू येते.

लक्षण असं होतं : सकाळी रिव्हर्स टाकला की मागे काही नसताना सलग "पीऽऽऽ". दुपारी ऊन पडलं की गाडी शहाणी. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. शेजारचा पोरगा गॅलरीतून विचारायचा, "काका, गाडी का केकाटतेय?" पावसात बिघडतं आणि उन्हात सुधारतं म्हणजे पाण्याचं काम, एवढं कळायला मेकॅनिक लागत नाही. पाणी नेमकं कुठे शिरलंय, हे शोधायचं होतं.

त्यासाठी सेन्सर चालतो कसा ते थोडक्यात. बंपरवर दिसणारी ती टिकली म्हणजे ॲल्युमिनियमची छोटी वाटी असते, आतून तिला पिझोची, म्हणजे वीज दिली की थरथरणारी, चकती चिकटवलेली. वीज मिळाली की वाटी थरथरते, सेकंदाला साधारण ४०,००० वेळा, आणि आवाजाचा एक छोटा झटका मागे सोडते. मग तीच वाटी गप्प होऊन प्रतिध्वनी ऐकते. एक मीटरवर भिंत असेल तर आवाज जाऊन यायला सुमारे ६ मिलिसेकंद लागतात, त्यावरून मॉड्यूल अंतर काढतं. वाटीची स्वतःची थरथर थांबायलाही वेळ लागतो. म्हणून अगदी जवळचं, साधारण वीस-तीस सेंटिमीटरच्या आतलं, तिला नीट मोजताच येत नाही आणि तेवढ्यात सलग बीप देऊन ती मोकळी होते. वाटीवर पाण्याचा थेंब किंवा चिखलाचा थर बसला की थरथर लांबते आणि मॉड्यूलला वाटतं, काहीतरी चिकटूनच उभं आहे. तेव्हा पावसात सलग बीप आला तर पहिला उपाय फुकटचा : उतरायचं आणि चारही टिकल्या बोटाने पुसायच्या. निम्म्या लोकांचं काम इथेच होईल. माझं झालं नाही.

दुसरी तपासणी कानाने करायची. चाकांना दगड लावा, हँडब्रेक ओढा, इंजिन बंद ठेवून फक्त इग्निशन ऑन करा आणि रिव्हर्स टाका. ऑटोमॅटिक गाडीत हे करायला एक माणूस ब्रेकवर पाय ठेवून आत बसलेला बरा. मागे शांतता हवी, पंखासुद्धा बंद. मग गुडघ्यावर बसून एकेका टिकलीला कान लावायचा. माणसाला २०,००० कंपनांच्या वरचं ऐकू येत नाही, पण तो झटका सुरू होताना आणि थांबताना बारीक टिक्‌टिक् होते, ती ऐकू येते. बोट हलकेच टेकवलं तर चांगल्या सेन्सरवर किंचित गुदगुली जाणवते. माझ्या गाडीत उजवीकडचे तीन व्यवस्थित टिकटिकत होते, डावीकडचा शेवटचा मुका. वर्दळीच्या रस्त्यावर हा प्रकार जमत नाही. मी रात्री जेवण झाल्यावर केला. बायको म्हणाली, "बंपरशी काय गुजगोष्टी चालल्यात?"

सेन्सर मुका असला म्हणजे मेलाच असं नाही. त्याला वीज पोचत नसेल तरी तो गप्पच बसणार. एस्टिमेट बनवणारे नेमके इथेच घाई करतात. आमच्या गावातल्या ऑटो इलेक्ट्रिशियनला फोन केला तर तो म्हणाला, "काका, आधी कपलर बघा. सेन्सर शेवटी मरतो."

कपलर बघायचा तर बंपर सैल करावा लागतो. काही गाड्यांत खालून हात घालून कोपऱ्यातल्या सेन्सरपर्यंत पोचता येतं, माझ्या गाडीत नाही. टेललॅम्पमागचे स्क्रू, चाकाच्या कमानीतले स्क्रू, खालच्या प्लॅस्टिकच्या क्लिपा, या क्रमाने सोडवत गेलो. क्लिपांची मधली खुंटी आधी उचलायची, मग क्लिप ओढायची. सरळ ओढली तर तुटते आणि मग हार्डवेअरच्या दुकानात तसलीच शोधत फिरावं लागतं. दोन माणसं हवीत. बंपर खाली गोधडीवर ठेवा, फरशीवर ओरखडे पडतात. नंबरप्लेटच्या दिव्याची वायर सोडवायला विसरू नका.

डाव्या सेन्सरचा कपलर उघडला तर आत पिना हिरव्या झालेल्या. पितळेला पाणी लागलं की येतो तो हिरवा गंज, आणि तळाशी लाल मातीचा पातळ लगदा. मागच्या चाकाने उडवलेला चिखल थेट तिथे जाऊन बसत होता, कारण चाकाच्या कमानीचं आतलं आवरण एका बाजूने सुटलेलं होतं. कॉन्टॅक्ट क्लीनर मारून जुन्या मऊ टूथब्रशने पिना घासल्या, पूर्ण वाळू दिल्या, मग डायइलेक्ट्रिक ग्रीस (वीज न वाहणारं, पाणी अडवणारं ग्रीस) अगदी थोडं लावून कपलर बसवला. गंज सोडवायचा साधा तेलकट स्प्रे इथे मारू नका, त्याचा थर राहतो आणि धूळ धरतो.

सेन्सर बोलायला लागला. आवरणही नीट बसवलं. जुलै छान गेला, ऑगस्टमध्ये तोच कोपरा पुन्हा मुका झाला. कपलर उघडला तर आत कोरडं, स्वच्छ. मल्टिमीटर काढला. दोन-तीनशे रुपयांचा साधा मीटर पुरतो. वीज आणि अर्थ यांच्यामधला व्होल्टेज मोजला. आकडा किती यावा हे गाडीगणिक बदलतं, काही सिस्टिम सेन्सरला पूर्ण बॅटरीचा व्होल्टेज देतात, काही कमी. म्हणून सोपी युक्ती अशी की चालू असलेल्या शेजारच्या सेन्सरच्या कपलरवर जेवढा येतो, तेवढाच इथे यायला हवा. तेवढाच आला. मोजताना वायरला टाचणी टोचू नका. त्या छिद्रातून पाणी शिरतं आणि पुढच्या वर्षी वायर आतून हिरवी होते. मीटरची टोकं कपलरच्या मागच्या बाजूने सरकवा.

मग शेवटची आणि सगळ्यात खात्रीची चाचणी : अदलाबदल. डावीकडचा संशयित सेन्सर उजवीकडे बसवला, उजवीकडचा चांगला डावीकडे. दोष सेन्सरसोबत उजवीकडे गेला तर सेन्सर खराब. दोष जागेवरच राहिला तर वायरिंग किंवा मॉड्यूल. दोष उजवीकडे गेला. झालं, निदान पक्कं. ही चाचणी सर्व्हिस सेंटरला दहा मिनिटांत करता आली असती आणि ती न करता चार सेन्सरचं बिल काढणं मला पटत नाही. अदलाबदल करताना एवढंच बघा की तुमच्या गाडीत कोपऱ्यातले आणि मधले सेन्सर एकाच पार्ट नंबरचे आहेत ना. काही गाड्यांत कोन वेगळा असतो. स्वस्तातल्या ओबीडी डोंगलने (गाडीच्या तपासणी सॉकेटमध्ये लावायचं छोटं यंत्र) बिघाडाचे कोड वाचायचा मोह मलाही झाला होता, पण ते डोंगल बहुधा इंजिनचेच कोड दाखवतात. पार्किंगचं मॉड्यूल त्यांना दिसत नाही.

आता ज्या सेन्सरबद्दल लिहायला बसलो, त्याकडे येतो. कंपनीच्या एका सेन्सरच्या पैशात बाहेरचे तीन आले असते. घेताना दोन गोष्टी पाहिल्या : जुन्या सेन्सरच्या पाठीवर छापलेला पार्ट नंबर आणि कपलरच्या पिना. बाजारात मिळणाऱ्या जोडायच्या किटमधले दोन वायरचे सेन्सर कंपनीच्या तीन पिनांच्या मॉड्यूलला चालत नाहीत, तेव्हा "सगळ्या गाड्यांना बसतो" असं लिहिलेलं काही घेऊ नका. रंग काळा आला, गाडी करडी. तसाच ठेवला. पुढच्या आठवड्यात पेंटरकडून रंगवू म्हणणाऱ्यांना सांगतो, रंगाचा थर अगदी पातळ हवा. जाड थर बसला की वाटीची थरथर मरते आणि नवा सेन्सर जन्मापासून बहिरा होतो.

बसवताना रबराच्या कडीकडे लक्ष द्या. सेन्सर आणि बंपर यांच्यामध्ये ती असते, वाटीची थरथर बंपरला लागू नये म्हणून. कडी वाकडी बसली की सेन्सर बंपरलाच अडथळा समजतो. माझा पहिल्यांदा बसवताच बोंबलायला लागला. काढला, कडी पुसून सरळ केली, बंद झाला. डेंटिंगनंतर सेन्सर बिघडल्याच्या ज्या तक्रारी ऐकू येतात, त्यांतल्या बऱ्याच मला याच कडीच्या वाटतात.

वापराचा अनुभव. भिंत, गाडी, फाटक हे सगळं नवा सेन्सर जुन्यासारखंच पकडतो. फरक पडतो लांबच्या अंतरावर : कंपनीचे सेन्सर ज्या अंतराला पहिला बीप देतात, त्यापेक्षा हा थोडा उशिरा जागा होतो. जोराच्या पावसात उगाच बीप द्यायची सवय याला इतरांपेक्षा जास्त आहे. बोटाने पुसलं की गप्प बसतो. थंडीत काही फरक जाणवला नाही, पण कोकणातली थंडी ती केवढी. मार्चपासूनच्या उन्हाने काळ्या प्लॅस्टिकची चकाकी गेली, बाकीच्या तिघांवर तसं काही दिसत नाही. दिवाळीच्या सुमारास सगळी सिस्टिमच बंद पडली तेव्हा मी याच्यावरच संशय घेतला होता. बंपरमागे पाहिलं तर उंदराने वायरिंगचं जाळं कुरतडलं होतं. सोल्डर करून हीट-श्रिंक नळी चढवली, वर नालीदार पाइप. त्यात सेन्सरचा काहीच दोष नव्हता.

काही वेळा सेन्सर बरोबर असतो आणि आपल्याला तो बिघडलाय असं वाटतं. चाकरमानी पाहुणे येतात, डिकी भरते, मागची बाजू बसते आणि सेन्सरचं तोंड जमिनीकडे होतं, मग सपाट रस्त्यावरही बीप. आमच्या घराची घाटी चढी आहे, मागे चढ सुरू झाला की तोच त्याला भिंत वाटतो. सैल नंबरप्लेट, सायकलचा कॅरिअर, वाढलेलं गवत, शेजारी हवा सोडणारा ट्रक, हे सगळे ओळखीचे चोर. उलट धोका आहे बुटक्या वस्तूंचा. अंगणात आडवा पडलेला जांभ्याचा चिरा लांबून पकडला जातो, बीप वाढतो, आणि गाडी अगदी जवळ गेली की चिरा सेन्सरच्या टापूच्या खाली निघून जातो. बीप थांबतो. आपल्याला वाटतं, मोकळं आहे. बारीक सळी, तारेचं कुंपण, उघडं गटार यांच्याबाबतीतही सेन्सरवर विसंबू नका, आणि अंगणात लहान मूल असेल तर आधी उतरून बघा, मग गाडी मागे घ्या.

वॉरंटीत गाडी असेल तर यातलं पुसणं आणि कान लावणं एवढंच करा, वायरला हात लावू नका. माझ्या गाडीच्या दोन मधल्या सेन्सरचे कपलरही या पावसाळ्याआधी उघडून ग्रीस लावायचे आहेत. बंपर पुन्हा काढायचा कंटाळा येतोय, पण जून दहा दिवसांवर आलाय.

ज्यांच्या जुन्या गाडीला सेन्सरच नाहीत आणि हजार-दीड हजाराचं चार सेन्सरचं किट बसवायचं मनात आहे, त्यांनी बॉक्समध्ये मिळणाऱ्या ड्रिलच्या टोकानेच भोक पाडावं. जमिनीपासून उंची साधारण अर्धा मीटर ठेवावी, लाल वायर रिव्हर्सच्या बल्बच्या पॉझिटिव्हला आणि काळी बॉडीच्या रंग खरवडलेल्या जागी. सेन्सरच्या पाठीवर बाण किंवा 'अप' असं छापलेलं असतं, ती बाजू वर. उलटा बसला की तो रस्ता मोजत बसतो.