कूबर पेडी (ऑस्ट्रेलिया): जमिनीखालच्या खोलीत दोन रात्री, आईला घेऊन

स्टार द्यायचे तर खोलीला पाच, गावाला पाच आणि भाड्याच्या गाडीला दोन. आमच्या लातूरकडच्या औसा-निलंगा भागातली बरीच पोरं आता तिकडं आहेत, आई-वडील भेटायला जातात तेव्हा त्यांना बीच आणि मॉल दाखवून परत पाठवतात, म्हणून जरा सविस्तर लिहायलोय.

दादा ॲडलेडला असतो. फेब्रुवारीत मी आईला घेऊन गेलो तेव्हा त्यानं आधीच ठरवून ठेवलेलं की कूबर पेडीला जायचं. वाळवंटातलं ओपलच्या (दागिन्यात बसवतात त्या रंगीत चमकीच्या रत्नाच्या) खाणींचं गाव, ॲडलेडपासून उत्तरेला साधारण 850 किमी, आणि उन्हापायी लोकं टेकड्या आतून कोरून जमिनीखाली राहतात. मोटेलंसुद्धा खालीच. आईला गावाचं सांगितलं पण झोपायचं पण खालीच आहे हे नाही सांगितलं, आणि ही चूक तुम्ही करू नका, पुढं सांगतो का ते.

रस्त्याचं आधी. पोर्ट ऑगस्टापर्यंत 300 किमी शेतं, गावं, सगळं लागतं. तिथून स्टुअर्ट हायवे धरला की लाल माती, गुडघाभर झुडपं आणि सरळ रस्ता, बास. पिंबाच्या पुढं लेक हार्ट लागतं, आई म्हणाली थांबव, तळं आहे, उतरून बघतो तर पांढरंशुभ्र मीठ, पाण्याचा थेंब नाही. रोड ट्रेन म्हणजे तीन-तीन, चार-चार ट्रेलर जोडलेले ट्रक, 53 मीटरपर्यंत लांब. आपल्याकडं उसाच्या डबल ट्रॉलीला ओव्हरटेक करताना जेवढा विचार करता त्याच्या चौपट करा. आम्ही ग्लेंडॅम्बोला टाकी फुल केली कारण तिथून पुढं कूबर पेडीपर्यंत 250 किमी पंप नाही, फोनला रेंज पण जवळपास नाही. गाडीत वीस लिटर पाणी ठेवलेलं. वहिनीनं ज्वारीचे धपाटे आणि शेंगाची चटणी दिली होती, दुपारचं जेवण तेच, गाडीतच, कारण बाहेर 43 डिग्री आणि माशा अशा की तोंड उघडायची सोय नाही. अंधार पडायच्या आत पोचा, संध्याकाळी कांगारू रस्त्यावर येतात.

गाव जवळ आलं की दोन्ही बाजूला पांढऱ्या मातीचे ढीग दिसायला लागतात, शेकड्यानं, लांबपर्यंत. प्रत्येक ढिगाजवळ एक उभा खड्डा, विहिरीपेक्षा अरुंद आणि कठडा नसलेला. पळू नका, मागं-मागं चालू नका असं चित्रं काढून बोर्डावर लिहिलंय, ते मनापासून पाळा, फोटोच्या नादात तर अजिबात नको.

मोटेलचं दार टेकडीच्या पोटातच आहे. आत शिरलं की बोळ, बोळाच्या दोन्ही अंगाला खोल्या. आई दारातच थांबली. वर किती माती आहे विचारलं, दादानं सांगितलं चारपाच मीटर तरी असेल, तर म्हणाली, "तुम्ही झोपा रे, मी गाडीतच बसते."

आईचं माहेर किल्लारीपासून जवळ. 30 सप्टेंबर 1993, गणपती विसर्जनाच्या रात्री, पहाटे चारच्या आधी भूकंप झाला तेव्हा माळवदं (मातीच्या धाब्याची घरं) बसली आणि माणसं झोपेतच गेली. आईची चुलती त्यातच गेली. त्यानंतर आईनं आमचं जुनं माळवदाचं घर सोडलं ते सोडलंच, उन्हाळ्यात पत्रा तापून भट्टी व्हायची तरी पत्र्याखाली झोपली पण मातीखाली नाही. हे सगळं आम्हा दोघांना माहीत असून आम्ही तिला न सांगता तिथं नेलं. मला आत्ता लिहिताना पण वाईट वाटायलंय.

मोटेलच्या मालकीणबाई साठीच्या पुढच्या असतील. त्यांना दादानं खरं काय ते सांगितलं. त्यांनी काही लेक्चर दिलं नाही, आईचा हात धरून भिंतीवर ठेवला आणि तो तसाच वर छतापर्यंत फिरवत नेला. मग दादाला म्हणाल्या, तिला सांग, इथं वर काही ठेवलेलं नाही, सगळा एकच दगड आहे, आम्ही फक्त मधलं काढलंय. आई हे ऐकून बराच वेळ भिंत चाचपत होती. मग म्हणाली, "म्हणजे खरोशाच्या लेण्यांसारखं."

खरोसा म्हणजे आमच्या औशाकडची डोंगरात कोरलेली लेणी. अगदी तसंच. माळवदाला खाली लाकडाच्या तुळया, भिंती दगड-मातीच्या, आणि वर दरवर्षी गळू नये म्हणून पांढऱ्या मातीचा अजून एक थर, वर्षानुवर्षं तो भार वाढत जायचा. इथं रचलेलं काहीच नाही. भिंतीवर मशीनच्या दातांच्या गोल-गोल खुणा आहेत, त्यांच्यामधून गुलाबी आणि मळकट पांढरे पट्टे जातात, त्यावर पारदर्शक कोटिंग मारलंय म्हणून माती झडत नाही. खोलीत एसी नाही, पंखा नाही, बाहेर 43 आणि आत पातळ चादर लागते. जमिनीखाली वर्षभर 23 ते 25 डिग्रीच्या आसपास असतं म्हणतात. हवेसाठी छतातून वर एक नळी काढलीय, आईनं ती बघितली आणि म्हणाली हे आपलं सानंच की, म्हणजे माळवदाला वर ठेवतात ते उजेड-हवेचं भोक.

पहिल्या रात्री दार उघडं ठेवलं आणि मी दाराशी अंथरूण टाकलं. दिवा बंद केला की स्वतःचा हात दिसत नाही आणि आवाज म्हणाल तर शून्य, म्हाताऱ्या माणसांसाठी छोटा नाइट लॅम्प न्याच. मी दोनदा उठून बघितलं, आई झोपलेली. दुसऱ्या दिवशी दुपारी फिरून आलो तेव्हा ती आमच्या आधी आत गेली आणि दार स्वतः लावून घेतलं.

खोलीत कमी काय, तर फोनला रेंज नाही, वायफाय रडतखडत चालतं, आणि बोळातून कोणी बॅग ओढत गेलं की सगळं ऐकू येतं. बास एवढंच.

गावात सर्बियन लोकांचं जमिनीखालचं चर्च आहे, 1993 सालचं. साल ऐकून आई म्हणाली, त्याच साली ह्यांनी खाली कोरलं व्हय, आणि तिथं बाकावर बराच वेळ बसली. आम्ही घाई केली नाही.

पाण्याचं सांगायलाच पाहिजे. वर्षाला 150 मिमीच्या आसपास पाऊस. गावापासून 20-25 किमीवरच्या बोअरचं खारं पाणी आणून गोडं करतात, नाणं टाकून पाणी भरायचा नळ आहे. आम्ही एप्रिल 2016 ला मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे येताना बघितलेली माणसं, आम्ही तिथं अंघोळ बादलीतच केली, कोणी सांगितलं नव्हतं. ओपलचा शोध पण पाण्यापायीच लागला, 1915 साली सोनं शोधायला आलेल्या टोळीतला 14 वर्षांचा विली हचिसन पाणी शोधत फिरत होता, त्याला ओपल सापडलं. आणि त्या दगडात स्वतःत पाण्याचा अंश असतो, बहुतेक वेळा 6 ते 10 टक्के.

ओपल घेणार असाल तर सॉलिड, डब्लेट की ट्रिप्लेट हे विचारा आणि बिलावर लिहून घ्या. सॉलिड म्हणजे अख्खं ओपल, डब्लेट म्हणजे ओपलचा पातळ पापुद्रा, त्याच्या खाली काळा दगड चिकटवून, ट्रिप्लेटवर अजून काचेसारखी टोपी असते. बाजूनं धरून बघितलं की सांधा दिसतो. ह्या दोन्ही पाण्यात भिजवू नका, कालांतरानं आत पाणी शिरतं.

आता गाडी. कंपनीचं नाव लिहीत नाही, पण दिवसाला ठराविकच किमी फुकट होते, वरच्या प्रत्येक किमीला पैसे, आणि कच्च्या रस्त्यावर विमा लागू नाही, हे काउंटरवर एका शब्दानं सांगितलं नाही, पोचल्यावर रात्री कागद वाचले तेव्हा कळलं. येऊन-जाऊन 1700 किमी, म्हणजे हिशोब करा. ब्रेकअवेजच्या रंगीत टेकड्यांचा रस्ता कच्चा, त्यामुळं तिथं टूरच्या गाडीनं जावं लागलं. तिथं जवळच डिंगो म्हणजे तिकडची जंगली कुत्री अडवायला घातलेलं 5,600 किमीचं कुंपण पण दिसतं. अनलिमिटेड किमीची गाडी आधीच मागा.

एक रात्र पुरत नाही, पहिली फक्त सवय व्हायला जाते. बुकिंग करताना मेलमध्ये लिहा की सोबत वयस्कर माणूस आहे, दाराजवळची खोली द्या, तशी देतात. आणि मेल करायच्या आधी त्या माणसाला विचारा.