चार वर्षांच्या मुलासाठी पहिला बोर्ड गेम: लुडो, सापशिडी, मेमरी की फर्स्ट ऑर्चर्ड?

मागच्या आठवड्यात मावसबहिणीचा फोन आला, अगं लेकीचा चौथा वाढदिवस आलाय, बोर्ड गेम घ्यायचाय, कुठला घेऊ? अर्धा तास बोललो आम्ही. तेच सगळं इथे लिहून काढतेय, कारण चार वर्षांचं मूल घरात असलं की हा प्रश्न कधी ना कधी येतोच. माझी दोन मुलं आहेत, मोठा सहाचा आणि धाकटी सव्वातीनची, आणि गेल्या दोन-तीन वर्षांत हे चारही गेम आमच्याकडे सतरंजीवर बसून भरपूर खेळून झालेत.

आधी एक गोष्ट. डब्यावर ३+ लिहिलेलं असतं ते बहुतेक वेळा तुकड्यांच्या आकारामुळे असतं, म्हणजे बारीक गोट्या-फासे बाळाने गिळू नयेत म्हणून. तुमच्या मुलाला तो गेम झेपेल का, मजा येईल का, हे त्या आकड्यावरून कळत नाही. मी दोनच गोष्टी बघते. एक, आपली पाळी यायची वाट त्याला किती वेळ बघता येते. दोन, हरल्यावर काय होतं, पट उधळला जातो की दोन मिनिटं रुसून परत खेळायला येतं.

या दोन्ही बाबतीत सगळ्यात अवघड गेम म्हणजे लुडो, आणि नेमका तोच सगळ्यात आधी घेतला जातो. सहा पडल्याशिवाय गोटी बाहेर येत नाही. पहिल्या तीन पाळ्यांत एकदाही सहा न पडण्याची शक्यता सुमारे ५८ टक्के आहे, म्हणजे निम्म्याहून जास्त वेळा तुमचं लेकरू तीन वेळा फासा टाकून काहीच न करता बसणार, आणि चार जण खेळत असतील तर मधे बाकीच्या तिघांच्या पाळ्या बघत बसणार. मोठ्यांना त्यात काही वाटत नाही, पण चार वर्षांच्या जिवाला तो वेळ खूप मोठा असतो. त्यानंतर प्रत्येक गोटीला पन्नासच्या वर घरं चालायची, अशा चार गोट्या, आणि अगदी घराजवळ आलेली गोटी कोणीतरी मारली की ती पुन्हा पहिल्यापासून. माझा मोठा साडेचारचा असताना त्याच्या काकाने त्याची गोटी मारली, नियमानेच मारली, पण पोरगं असं हुंदके देऊन रडलं की आम्ही तो पट वर्षभर कपाटाच्या वर ठेवला. साडेपाचला परत काढला तेव्हा तोच मुलगा दोन गोट्यांपैकी कुठली पुढे न्यायची याचा विचार करत बसला होता. लुडोची खरी मजा ती आहे, निवड करण्यात, आणि ती त्या वयात यायला लागते. त्याआधी खेळायचाच असेल तर दोनच गोट्या द्या, एक पडला तरी गोटी बाहेर काढू द्या आणि मारामारी पूर्ण बंद ठेवा.

सापशिडी बऱ्याचदा त्याच पटाच्या मागच्या बाजूला असते, त्यामुळे वेगळे पैसे पडत नाहीत. इथे निवड अजिबात नाही, फासा पडेल तसं जायचं. मोठ्यांना कंटाळा येतो तो त्यामुळेच, पण लहान मुलासाठी मला तोच गुण वाटतो, कारण आजी, बाबा आणि साडेतीन वर्षांची पोर अगदी बरोबरीने खेळतात, कोणाला मुद्दाम हरावं लागत नाही. शिवाय पहिल्या फाशापासून गोटी हलते.

पण दोन अडचणी आहेत. पहिली दिशेची. पहिली ओळ डावीकडून उजवीकडे, दुसरी उलटी, परत तिसरी सरळ, आणि ओळीच्या टोकाला मुलं हमखास गोंधळतात. मी मार्करने प्रत्येक ओळीच्या शेवटी बाण काढले, लगेच फरक पडला. दुसरी, शंभराच्या जवळ असलेला तो मोठा साप. ९० च्या पुढे गेलेलं मूल एकदम खाली आलं की डोळे भरतात. त्याला आमच्याकडे उपाय असा, की साप चावला की मोठ्याने फुस्स करायचं आणि सगळ्यांनी करायचं, मग रडण्याच्या आधी हसू येतं.

सापशिडीचा एक मोठा फायदा आकड्यांचा आहे, पण तो आपोआप मिळत नाही. अमेरिकेत रॉबर्ट सिगलर आणि गीता रमाणी यांनी २००८ च्या सुमारास बालवाडीच्या वयाच्या मुलांना एका सरळ रेषेत १ ते १० घरं असलेला साधा पट खेळायला दिला, पंधरा-पंधरा मिनिटांची जेमतेम चार सत्रं, आणि मुलांची आकड्यांची समज चांगलीच सुधारली. यात महत्त्वाचं हे की मुलं घरावरचा आकडा बोलत पुढे जात होती. म्हणजे गोटी १७ वर आहे आणि तीन पडले तर 'एक, दोन, तीन' नाही म्हणायचं, 'अठरा, एकोणीस, वीस' म्हणायचं. मराठी आकड्यांत एकोणीस, एकोणतीस, एकोणचाळीस ही जी अडखळायची ठिकाणं आहेत ना, ती माझ्या मोठ्याची सापशिडीवरच पक्की झाली.

आणि हा आपलाच खेळ आहे. आपल्याकडे तो मोक्षपट म्हणून होता, पुण्याईच्या शिड्या आणि पापाचे साप, आणि तो ज्ञानेश्वरांनी तयार केला असं परंपरेने सांगतात. इंग्लंडमध्ये तो एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी गेला. आजी-आजोबा घरात असतील तर ही गोष्ट त्यांना सांगायला लावा, खेळाला वेगळीच रंगत येते.

मेमरी, म्हणजे पालथ्या ठेवलेल्या कार्डांतून जोड्या शोधायच्या, हा माझा सगळ्यात आवडता. कारण हा एकच गेम असा आहे ज्यात चार वर्षांचं मूल नशिबावर नाही, तर स्वतःच्या डोक्याने आपल्याला खरंखुरं हरवू शकतं. आपण पान उलटताना उद्याच्या डब्याचा विचार करत असतो, मूल मात्र फक्त पानं बघत असतं. धाकटीने मला अशी कितीतरी वेळा हरवलंय आणि त्या जिंकण्याचा आनंद तिच्या चेहऱ्यावर वेगळा दिसतो, कारण कोणी जिंकवलेलं नाही हे तिला बरोबर कळतं. फक्त डब्यातली सगळी कार्डं एकदम मांडू नका, ही चूक सगळे करतात. सहा जोड्या, बारा कार्डं, नीट ओळींत, एवढ्यापासून सुरुवात करा. जोड्या सहज सापडायला लागल्या की दोन-दोन वाढवा. विकत नको असेल तर पत्त्यांचे दोन सारखे कॅट घ्या, त्यातली तीच सहा-सहा पानं काढली की झाला गेम. एकच त्रास, मोठं भावंड बरोबर खेळलं तर तेच सारखं जिंकतं, मग दोघांना एका टीममध्ये घ्या आणि समोर आईबाबा.

फर्स्ट ऑर्चर्ड, म्हणजे फळबागेचा खेळ, ही जर्मनीच्या हाबा कंपनीच्या १९८६ च्या जुन्या ऑर्चर्ड गेमची छोटी आवृत्ती. चार रंगांची सोळा लाकडी फळं, एक टोपली, एक कावळा. फाशावर चार रंग, टोपली आणि कावळा असतो. रंग पडला तर त्या रंगाचं फळ तोडायचं, टोपली पडली तर आपल्या आवडीचं, कावळा पडला तर कावळा बागेकडे एक पाऊल पुढे. कावळा पोचायच्या आत सगळी फळं टोपलीत आली तर आपण सगळे जिंकलो, नाहीतर सगळे हरलो. हे 'सगळे' फार कामाचं आहे. हरल्यावर उधळून देणाऱ्या मुलाने आधी हा खेळावा असं मी आग्रहाने सांगेन, कारण राग कावळ्यावर निघतो, दादावर नाही. आणि धाकट्यांना लिंबूटिंबू म्हणून बाजूला बसवावं लागत नाही, अडीच वर्षांची पोरसुद्धा खरी खेळाडू असते.

तोटे? बाहेरून येतो म्हणून महाग. आणि पाच वर्षांनंतर मुलं त्याला लवकर कंटाळतात, विचार करायला त्यात फार काही नाही. म्हणून मी म्हणेन घरीच करा. जाड पुठ्ठ्याची मोठी फळं कापा, चार पिवळे आंबे, चार हिरवे पेरू, चार लाल डाळिंबं, चार जांभळी जांभळं. जुन्या फाशावर पाच रंगांच्या टिकल्या चिकटवा, चार रंग फळांचे आणि काळी टिकली कावळ्याची, उरलेली बाजू कोरी म्हणजे टोपली. कावळ्याला पाच-सहा घरांची वाट काढली की झालं. आमच्याकडे विकतचा आहे आणि हा घरचाही आहे, धाकटी घरचाच मागते कारण पेरू तिने रंगवलेत.

घरात तिनाच्या आतलं बाळ असेल तर लुडोच्या गोट्या आणि फासे मोजून डब्यात ठेवायची सवय लावा, रोज, न चुकता. आणि विकत घेताना आयएसआय मार्क बघा, १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर १ जानेवारी २०२१ पासून तो बंधनकारक आहे.

तर मावसबहिणीला मी सांगितलं, लेक अजून हरलं की पट उधळते ना, मग आधी बागेचा खेळ आणि जोडीला मेमरी. सापशिडी सहा महिन्यांनी, आकडे वीसपर्यंत नीट यायला लागले की. लुडो घरात असेल तर असू दे, पण सापशिडीची बाजू वर ठेव. मुलगी शांत असती, वाट बघणारी असती, तर मी सापशिडीच पहिली सांगितली असती.

तिने मेमरी मागवलाय. पुठ्ठा तिच्या घरी आहेच, टिकल्या मी शनिवारी घेऊन जातेय.