पग, शित्झू, बुलडॉगसाठी श्वासनळीचा स्टेंट: कुणाला बसवावा, कुणाला नाही

'व्हेट स्टेंट-ट्रेकिया' हा इन्फिनिटी मेडिकल या अमेरिकन कंपनीचा खास कुत्र्यांसाठी बनवलेला स्टेंट. निकेल आणि टायटॅनियमच्या मिश्रधातूची, म्हणजे नायटिनॉलची तार विणून त्याची जाळी केलेली असते. बारीक नळीत दाबून बसवलेली ही जाळी श्वासनळीत सोडली की आपोआप फुलते आणि तिच्या भिंतीतल्या कूर्चेच्या (मऊ हाडाच्या) खचलेल्या कड्यांना आतून आधार देते. मानेवर चिरा नाही, टाके नाहीत. योग्य रुग्णात काम चोख होतं. चपट्या तोंडाच्या कुत्र्यांत मात्र तो योग्य रुग्ण ओळखणं हेच अर्ध्याहून जास्त काम आहे.

2003 च्या हचच्या जाहिरातीनंतर आपल्याकडे पग घरोघरी आला. त्याच्या घोरण्याचं आणि धाप लागण्याचं मूळ बहुतेक वेळा श्वासनळीच्या वर असतं: चिमटलेल्या नाकपुड्या, लांब आणि जाड मऊ टाळू, स्वरयंत्रातल्या बाहेर उलटलेल्या पिशव्या. वाट वरच अडली की कुत्रा जोर लावून श्वास ओढतो आणि त्या ओढीने स्वरयंत्राच्या कूर्चा हळूहळू आत कोसळतात. स्टेंट यातलं काहीच सुधारत नाही. आधी नाकपुड्या रुंद करायच्या, टाळू आखूड करायचा, आणि तेही कूर्चा कोसळायच्या आत.

इंग्लिश बुलडॉगच्या जन्मजात अरुंद श्वासनळीतही स्टेंटचा आग्रह धरू नये. तिथली कडी खचलेली नसतात. ती मुळातच लहान, ताठ आणि टोकं एकमेकांवर चढलेली असतात, जाळीच्या जोराने रुंद होत नाहीत. स्वरयंत्र पार कोसळलं असेल तर मानेत कायमचं छिद्र करणं, म्हणजे ट्रेकिऑस्टॉमी, हाच बहुतेक वेळा मार्ग उरतो. बुलडॉगच्या मानेच्या वळ्या ते छिद्र झाकतात, म्हणून जादा कातडी त्याच वेळी काढावी लागते.

मग स्टेंट कुणाला? ज्या शित्झूची किंवा पगची श्वासनळी खरोखर खचली आहे, भोंग्यासारखा कोरडा खोकला आहे, आकुंचन तिसऱ्या-चौथ्या श्रेणीचं, म्हणजे साधारण 75 ते 100 टक्के आहे, आणि वजन उतरवून व औषधं नीट देऊनही श्वास पुरत नाही, त्याला. एंडोस्कोपीत श्वासनळीपुढच्या शाखाही पाहून घ्याव्यात. पगमध्ये, विशेषतः डावीकडे, त्याही खचतात. तसं असेल तर स्टेंटनंतरही खोकला राहणार, हे मालकाला आधीच सांगायला हवं.

यश ठरतं मापावर. भूल दिल्यावर अन्ननलिकेत मोजमापाच्या खुणा असलेली बारीक नळी (कॅथेटर) ठेवून, सुमारे 20 सेंटीमीटर पाण्याच्या दाबाने फुप्फुसं फुगवून एक्स-रे काढतात. श्वासनळीचा जो सर्वांत मोठा व्यास मिळतो, त्याहून 10 ते 20 टक्के मोठा स्टेंट निवडतात. लहान निवडला तर तो सरकतो. फार मोठा निवडला तर भिंतीवर दाब येतो. विणलेली जाळी जितकी कमी फुलेल तितकी लांब राहते, त्यामुळे लांबीचा हिशेब त्या कुत्र्याच्या नळीच्या व्यासावरून करावा लागतो. वरचं टोक स्वरयंत्राच्या क्रिकॉइड कूर्चेपासून आणि खालचं टोक श्वासनळीच्या दुभाजनापासून साधारण 1 सेंटीमीटर दूर हवं. सी-आर्मवर, म्हणजे हलता एक्स-रे दाखवणाऱ्या यंत्रावर, बघत स्टेंट हळूहळू सोडतात. पूर्ण सुटण्याआधी जागा चुकलेली दिसली तर जाळी परत नळीत ओढून घेता येते, ही या रचनेतली मोठी सोय.

चपट्या तोंडाच्या कुत्र्याला भूल देणं हीच स्वतंत्र जोखीम आहे. आधी 3 ते 5 मिनिटं ऑक्सिजन, नेहमीपेक्षा लहान मापाच्या श्वासाच्या नळ्या हाताशी, आणि कुत्रा डोकं उचलून धरून नळी चघळू लागेपर्यंत ती काढायची नाही.

स्टेंट तुटतो तो बहुधा खोकल्यामुळे. तार रोज शेकडो वेळा वाकते आणि मान व छातीच्या सांध्याशी थकते. दुसरी अडचण म्हणजे जाळीच्या टोकांशी वाढणारी मांसल गाठ. तिला प्रेडनिसोलोन लागतं, तेही डॉक्टरांच्या देखरेखीत. म्हणून खोकल्याचं औषध 'बरं वाटलं' म्हणून परस्पर बंद करू नये. पट्टा गळ्यात नको, छातीचा हार्नेस हवा. चिकट कफ जाळीत अडकतो, त्यामुळे ताप किंवा नव्याने वाढलेला खोकला दिसला की कल्चर (कफात कोणते जंतू आहेत याची तपासणी) करून मगच अँटिबायोटिक. पहिल्या वर्षात ठरावीक अंतराने एक्स-रे हवेतच.

श्वासनळीला बाहेरून प्लास्टिकची कडी शिवण्याची जुनी पद्धत अजूनही काही ठिकाणी करतात. मानेतल्या भागापुरती ती चालते, पण त्यात स्वरयंत्राचा मज्जातंतू दुखावण्याचा धोका असतो. ज्या पगचं स्वरयंत्र आधीच कमजोर आहे, त्याला तो धोका परवडत नाही.

खर्च विचारताना भूल, एंडोस्कोपी, सी-आर्म, रात्रभराचा ऑक्सिजन आणि पुढचे एक्स-रे धरूनच आकडा मागा. आणि त्या ठिकाणी किती मापांचे स्टेंट तयार असतात, हेही विचारा. एकच माप असेल तर तिथे करून घेऊ नका.