पाळकाचं काम सोडताना: बदली, रजा, बिनपगारी सेवा की राजीनामा?

सोडायचं मनात घोळायला लागलं की डोळ्यांसमोर एकच गोष्ट येते, राजीनाम्याचं पत्र. तीन पास्टोरेट (पाळकाकडे सोपवलेली मंडळी, म्हणजे चर्चचे लोक) मिळून चौदा वर्षं पाळक, म्हणजे चर्चचा धर्मगुरू होतो आणि शेवटी मीही पत्रच दिलं. त्याआधी बाकीच्या वाटा नीट पाहायला हव्या होत्या, असं आज मनापासून वाटतं. म्हणून हे लिहितोय.

आधी स्वतःला एक प्रश्न विचारा. शनिवारी रात्री उपदेश लिहायला बसल्यावर जीव रमतो का? रमत असेल आणि फक्त कमिटीची मीटिंग म्हटलं की पोटात गोळा येत असेल, तर तुम्ही कामाला नाही, जागेला कंटाळलात. तेव्हा बदली मागा. सीएनआयमध्ये (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) ती बिशपांच्या हातात असते, मेथडिस्ट मंडळींत वार्षिक कॉन्फरन्समध्ये नेमणुका होतात. स्वतंत्र चर्चच्या पास्टरला ही सोयच नाही. बदली मागायची तर जानेवारी-फेब्रुवारीतच बोला, म्हणजे जूनमध्ये मुलांची शाळा नव्या गावात सुरू होते. पण भांडण मिटवल्याशिवाय मिळालेली बदली फार दिवस पुरत नाही. तुमचं सामान पोचायच्या आधी तुमच्याबद्दलचं बोलणं तिथे पोचलेलं असतं.

रजा नुसत्या थकलेल्या माणसासाठी. ती चर्चने दिलेल्या बंगल्यात राहून घेऊ नका. दार वाजतंच, आणि आजाऱ्यासाठी प्रार्थनेला बोलावणाऱ्याला कोणता पाळक नाही म्हणेल?

तिसरी वाट पगार सोडून सेवा करण्याची. मराठी ख्रिस्ती माणसाला इथे कवी ना. वा. टिळक आठवल्याशिवाय राहत नाहीत. वीसहून अधिक वर्षं अमेरिकन मराठी मिशनचं काम केल्यावर 1917 साली त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडली आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा मेळा उभा करायला घेतला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात जागा होती. 1919 च्या मे महिन्यात ते गेले, म्हणजे हातात जेमतेम दोन वर्षं मिळाली. त्यांनी पगार सोडला, माणसं सोडली नाहीत, म्हणून मला ते उदाहरण मोठं वाटतं. तुमच्याकडे शिक्षकी, शेती, बायकोची किंवा नवऱ्याची नोकरी असं काही असेल तर ही वाट खरी आहे. नसेल तर सहा महिन्यांत उसनवारी सुरू होते, आणि ती मंडळीतल्याच लोकांकडे होते.

राजीनामा सगळ्यात स्वच्छ आणि सगळ्यात महाग. महाग म्हणजे घर. आपल्यातल्या बहुतेकांना स्वतःचं घर नसतं, बंगला चर्चचा असतो. पत्र देण्याआधी भाड्याच्या घराचं डिपॉझिट हातात असू द्या, पतपेढीचं कर्ज किती उरलं ते बघा, पीएफ आणि ग्रॅच्युइटीचं खजिनदारांना लेखी विचारा. मग घरच्यांनंतर बिशप, बिशपांनंतर कमिटीचे सेक्रेटरी आणि त्यानंतर मंडळी, याच क्रमाने आणि एका आठवड्याच्या आत सांगून टाका. जास्त लांबलं तर मंडळीला ते व्हॉट्सअ‍ॅपवरून कळतं, आणि तो घाव लोक विसरत नाहीत. नाताळच्या किंवा ईस्टरच्या तोंडावर मात्र निघू नका.

नोटीस एक महिन्याची की तीन? वातावरण बरं असेल तर तीन. माझा शेवटचा महिना रजिस्टरांतच गेला. बाप्तिस्म्याच्या रजिस्टरात चार नोंदींवर माझी सही नव्हती, एका मुलीच्या जन्मतारखेची जागा कोरी होती. तिच्या आईला शोधत वस्तीवर गेलो. माउलीने पत्र्याच्या पेटीतून लसीकरणाचं कार्ड काढलं, त्यावर तारीख सापडली. पुढे त्या मुलीच्या लग्नाच्या किंवा पासपोर्टच्या वेळी कोणी तो दाखला मागेल, तेव्हा मी तिथे नसणार. विवाहाची रजिस्टरं तर 1872 च्या ख्रिस्ती विवाह कायद्याखालची असतात, ती मोजून आणि सही घेऊनच सोपवा. वातावरण कडू झालं असेल तर महिनाच बरा, कारण उरलेले दोन महिने लोक गट पाडण्यातच घालवतात.

शेवटच्या उपदेशात मनातलं बोलावं का? माझं मत स्पष्ट आहे, नाही. पौलाने मिलेतला इफिसच्या वडिलांना बोलावून निरोप घेतला, तो बायबलमधल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या 20 व्या अध्यायात आहे. कोणाच्या सोन्यारुप्याचा लोभ धरला नाही, हे तो सांगतो आणि पुढच्या धोक्यांची सूचनाही देतो, पण एकाही माणसाचं नाव घेत नाही. मात्र पैशांत घोळ दिसला असेल, कोणावर अन्याय झाला असेल, तर ते गिळून जाणं म्हणजे सभ्यपणा नव्हे. ते तारखांसह बिशपांना लेखी द्या. व्यासपीठावरून फक्त आभार माना.

सगळ्यात अवघड निवड यानंतरची: त्याच मंडळीत बसायचं की दुसरीकडे जायचं? राहिलं तर मुलांचे मित्र टिकतात, आपलाही एकटेपणा कमी होतो. तरीही निदान एक वर्ष दुसरीकडे जा, असंच मी सांगेन. आपण तिसऱ्या बाकावर बसलेलो असताना नव्या पाळकाला मोकळेपणाने उपदेश करता येत नाही.

मी निघाल्यावर चार महिन्यांनी एका आजींचा फोन आला. आजोबा गेले होते. “पाळकसाहेब, मातीला तुम्हीच या, तुम्हीच प्रार्थना करा.” मी म्हणालो, “आजी, येतो. पण विधी आपले नवे पाळकच करतील.” त्यांनी काही न बोलता फोन ठेवला. दफनभूमीत मी लोकांच्या मागे उभा राहिलो, माझ्या वाट्याची मूठभर माती दिली. फाटकापाशी आजींनी माझा हात बराच वेळ धरून ठेवला. मग नव्या पाळकांकडे वळून त्यांना म्हणाल्या, “तिसऱ्या दिवशी घरी प्रार्थना आहे, तुम्ही लवकर या.”