स्विफ्टला जुने अलॉय घ्यायचेत: बलेनोचे, आय२०चे की सिटीचे?

कोल्हापुरात वापरलेल्या अलॉय रिमचा सेट बघायला गेलं की विकणारा हमखास म्हणतो, "चार भोकं, शंभर पीसीडी, बसतंय की!" पीसीडी म्हणजे नटांच्या भोकांच्या मध्यांतून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. त्यातलं शंभर बहुतेक वेळा खरं असतं. बसतंय की नाही, हे मात्र हबचं भोक (गाडीच्या हबवर बसणारं रिमचं मधलं भोक), नटाची बैठक (रिममधली नट टेकायची जागा) आणि ऑफसेट (रिमच्या मध्यरेषेपासून हबला टेकणाऱ्या बाजूचं अंतर) या तिघांवर ठरतं.

गाडी धरू २०१८ साली आलेल्या पिढीतली स्विफ्ट, १४ इंची लोखंडी रिमवाली. टायर १६५/८० आर१४, म्हणजे चाकाची एकूण उंची ६१९.६ मिलिमीटर. पीसीडी ४×१०० (चार भोकं, शंभर मिलिमीटर), हब ५४.१, स्टड (हबवरचे, नट लागणारे बोल्ट) १२ मिलिमीटरचे आणि आट्यांचा पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, १.२५. नट शंकूच्या आकाराचे.

बलेनोच्या १६ इंची सेटबद्दल फार लिहायची गरज नाही. पीसीडी तोच, हब तोच, नटही तेच. १९५/५५ आर१६ टायरची उंची ६२०.९ भरते, त्यामुळे स्पीडोमीटरला काही कळतसुद्धा नाही. माझी पहिली पसंती हीच.

आय२०चा १६ इंची सेट दिसायला देखणा. ४×१०० आणि ५४.१ दोन्ही जुळतात, बैठकही शंकूचीच. पण ह्युंदाईच्या आट्यांचा पिच १.५ आहे. विकणारा सेटसोबत त्याचे नट देत असेल तर ते नट घेऊ नका. ते स्विफ्टच्या स्टडवर दोन फेऱ्या फिरतील आणि मग आटे खाऊन टाकतील. स्विफ्टचेच नट वापरा आणि हाताने फिरवताना फेऱ्या मोजा. आठ फेऱ्यांच्या आत नट टेकला, तर त्या रिमवर स्टडची पकड अपुरी आहे. ऑफसेट रिमच्या आतल्या बाजूला ईटी या अक्षरांपुढे कोरलेला असतो. स्वतःच्या रिमचा आकडा टिपून नेला की तिथंच ताडून बघता येतं.

आता होंडा सिटी. मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती या सेटची, कारण तो बसल्यासारखा दिसतो. पीसीडी ४×१०० असल्याने चाक स्टडवर छान चढतं. पण सिटीच्या रिमचं मधलं भोक ५६.१ चं. स्विफ्टच्या हबवर ते चारी बाजूंनी एकेक मिलिमीटर ढिलं राहतं आणि चाक मध्यावर धरायचं काम एकट्या नटांवर येतं. ऐंशीच्या पुढे स्टेअरिंग थरथरतं ते यामुळेच. यावर उपाय आहे: उद्यमनगरात कुठल्याही चांगल्या लेथवर बाहेरून ५६.१, आतून ५४.१ अशी रिंग करून मिळते.

बैठकीचं काय? होंडाच्या मूळ अलॉयमध्ये नटाची बैठक वाटीसारखी गोल असते. तिच्यात स्विफ्टचा शंकू नट घातला तर तो फक्त एका बारीक कडेवर टेकतो. खात्री करायची तर बैठकीला मार्करची शाई लावा, नट हलका आवळा आणि काढून बघा. जुळणाऱ्या बैठकीत शाई रुंद पट्ट्यात पुसली जाते, न जुळणारीत केसाएवढी एक रेघ उमटते. त्या रेघेच्या भरवशावर चार माणसं घेऊन गगनबावड्याचा घाट उतरायचा, हे मला पटत नाही. गोल बैठकीचा पण १.२५ पिचचा नट मिळाला तरच या सेटचा विचार करा. त्यातही सिटीचा १८५/५५ आर१६ टायर ६०९.९ उंचीचा, म्हणजे गाडी ५ मिलिमीटर खाली बसणार. त्याचा भारांक ८३, म्हणजे प्रति टायर ४८७ किलो. स्विफ्टच्या मूळ टायरचा ८५, म्हणजे ५१५ किलो. बलेनोच्या मापात ८७ मिळतो, ५४५ किलोचा.

ब्रेझाचा सेट कुणी दाखवलाच तर तिथूनच परत फिरा: ५×११४.३. पोलोचाही नको, त्याला पाच भोकं. जुन्या पॅलिओच्या रिमपासून मात्र जास्त सांभाळा. तिलाही चारच भोकं, पण पीसीडी ९८. दोन मिलिमीटरचा फरक डोळ्यांना दिसत नाही. नट लागतातही, पण स्टड वाकून. समोरासमोरच्या दोन भोकांचं मध्य ते मध्य अंतर व्हर्नियरने मोजा.

तिन्ही सेटना एक गोष्ट लागू आहे. १४ इंची टायरची भिंत १३२ मिलिमीटर उंच, १९५/५५ ची १०७. पावसाळ्यात खड्ड्यांचे रस्ते रोजचे असतील, तर रिमला मार बसणार हे धरून चाला. त्यामुळे जुना सेट घेताना रिमची आतली कड हात फिरवून बघा आणि बॅलन्सिंग मशीनवर फिरवून घेतल्याशिवाय पैसे देऊ नका.

चाकं बसवली की स्टेअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवा, मागे माणसं बसवून कमानीला टायर घासतो का ते बघा आणि पन्नास ते शंभर किलोमीटरनंतर नट पुन्हा आवळा. बलेनोचा किंवा आय२०चा सेट लावला तर डिकीतली जुनी १४ इंची स्टेपनी त्याच नटांवर चालते. सिटीचा लावला तर पंक्चरच्या वेळी शंकूच्या नटांचा वेगळा जोड जवळ लागेल.